शंभराचं माप

"आधी बर्फ, मग बोलणं. नळी हातात आली की पहिली बर्फात रोव, आणि मग काय ते नमस्कार-चमत्कार कर. माणूस दोन मिनिटं थांबतो गं, प्रथिन थांबत नाही."

थोरल्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही मागं वळून न बघता, पिपेटवरची नजर न काढता. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. पण बर्फाच्या यंत्राचं झाकण उचललं की तो आवाज अजून आतूनच येतो, असं तिला वाटे.

तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. थोरल्या होत्या तोवर ते ठीक होतं. थोरल्या गेल्या, प्रयोगशाळेच्या दारावर हिची पाटी लागली, केसांत पांढरं दिसू लागलं, तरी ही धाकटीच राहिली. संस्थेचे संचालक म्हणत, रखवालदार म्हणे, दवाखान्यातल्या नर्सा म्हणत. तिची काही तक्रार नव्हती. धाकटं म्हणवून घेतलं की आपल्या वर अजून कुणीतरी आहे, असं वाटत राहतं.

प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्याच्या टोकाच्या दोन खोल्या. एकीत टेबलं, दुसरीत फ्रिज आणि एक मोठं फ्रीजर. ते फ्रीजर अखंड घुमत असे. आतल्या खणांत आजारी माणसांचं सीरम ठेवलेलं असे, म्हणजे रक्त गोठून खाली बसलं की वर उरतं ते पिवळसर पाणी. बोटाएवढ्या नळ्या, प्रत्येकीवर नंबर.

काम असं होतं. माणसाच्या रक्तात काही प्रथिनांची एक टोळी असते. एरवी ती आपली वाहत असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जंतू दिसला की एकाने दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून त्या जंतूच्या अंगाला भोक पाडायचं. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीची नुसती हात बांधून उभी. मग साधासा दिसणारा ताप पोराला दोन दिवसांत होत्याचं नव्हतं करून टाकतो. त्या कमी पडणाऱ्या एका प्रथिनापायी थोरल्या बाईंनी जन्म काढला, आणि त्यांच्यामागून हिने.

हिचा एक नेम होता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, फ्रीजरसमोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि आतल्या एकेकाची आठवण काढायची. नावं ठाऊक नसत, म्हणून ती नंबरच म्हणे. चार नंबर सुखरूप असो. नऊ नंबर सुखरूप असो. हे झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. अंगात कसर असो की सुट्टीचा दिवस असो, खंड नाही.

थोरल्या बाई देव मानत नसत. एकदा त्या लवकर आल्या, दारातच उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझ्या देवाला नंबर पाठ आहेत का गं?"

"त्याचीच माणसं आहेत, बाई."

"मग त्याला सांग, त्याच्या नऊ नंबरच्या नळीचं झाकण सैल लागलंय. तेवढं घट्ट करून दे म्हणावं."

तिने हसून झाकण घट्ट केलं होतं. तेव्हा या खोल्यांत हसू येई.

पैशाचं म्हणाल तर तो कायम हात आखडूनच आला. दुर्मिळ आजारांसाठी लोकांनी उभा केलेला एक संशोधन निधी होता. कुणी निवृत्त होताना दिलेलं, कुणी गेलेल्या लेकराच्या नावाने दिलेलं, असं थेंबाथेंबाने साठलेलं. त्यातून या दोन खोल्यांना दरवर्षी थोडंसं मिळे. एका माणसाचा पगार निघे, रसायनं येत, आणि उरलंसुरलं विजेत जाई. अर्ज लिहायला बसल्या की थोरल्या बाईंच्या वाटेला कुणी जात नसे. "हे लोकांनी आपल्या तोंडचं काढून दिलेलं आहे," त्या म्हणायच्या, "एक थेंब सांडला तरी मला सांगा." आणि कुणी खरोखरच सांडलं, तर ते सांगायची हिंमत कुणाला होत नसे.

आता, मोजायचं तर माप लागतं. अमक्याच्या रक्तात हे प्रथिन किती, तर निरोगी माणसाच्या मानाने किती. निरोगी म्हणजे शंभर. चाळीसच्या खाली गेला तो आजारी. शेकडो निरोगी माणसांचं सीरम एकत्र करून बनवलेलं तयार माप विकत मिळतं, पण ते घ्यायचं तर बाकी सगळी रसायनं बंद करावी लागली असती. थोरल्या बाईंनी घरचा उपाय काढला.

"माझं रक्त कामाचं नाही, मी गोळ्यांवर जगते," त्या म्हणाल्या. "त्या जिराफाला बाराही महिने सर्दी. तू मात्र कधी आजारी पडलेली मला आठवत नाही. कर बाही वर."

जिराफ म्हणजे त्यांचा तिसरा सहकारी. पीएचडी करायला आला आणि तिथेच राहिला. इतका उंच, की बर्फ काढायला त्याला दोन हप्त्यांत वाकावं लागे. हिचं रक्त काढलं त्याने, आणि नळीवर नंबरच्या जागी लिहिलं, १००. दुसऱ्या दिवसापासून तो तिला शंभरताई म्हणू लागला.

तिला त्या शंभराचं फार अप्रूप वाटलं होतं. लग्न झालं नव्हतं, त्याची कारणं उगाळण्यात आता अर्थ नाही. आईवडील गेले, मोठी बहीण लांबच्या गावी. संध्याकाळी आपणच लावलेलं कुलूप आपणच काढायचं, आपणच दिवा लावायचा, एका माणसाचा भात टाकायचा, आणि तोही उरायचा. पण सकाळी इथे आलं की जगातल्या आजारी माणसांना तिच्या रक्ताच्या मानाने मोजलं जात होतं. तिला वाटे, देवाने आपल्याला एकटं ठेवलं ते याचसाठी असेल.

कधी कधी एखाद्या निरोगी माणसाचा आकडा दीडशे येई, एकदोनदा तर दोनशेच्या घरात गेला. थोरल्या बाई चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, "सर्दी झाली असेल. अंगात कुठे काही सुजलं की हे वाढतं." ते खोटं नव्हतं, वाढतंच. म्हणून पुढे कुणी विचारलं नाही. शिवाय निरोगी माणसं मोजत बसायला रसायन होतं कुठे? जे होतं ते आजाऱ्यांसाठी पुरवून पुरवून वापरायचं.

फ्रीजरमधल्या सगळ्या नंबरांत सतरा नंबर वेगळा होता. कारण तो तिने पाहिला होता.

ती बर्फाची पेटी घेऊन दवाखान्यात नमुना आणायला गेली होती. एरवी नर्स नळी तयार ठेवी. त्या दिवशी उशीर झाला आणि तिला बाकावर बसावं लागलं. शेजारी एक बाई, मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा. मेंदूच्या तापातून वाचलेला, पण एका कानाने ऐकू येईना. आई बोलायची तर मान वळवून दुसरा कान पुढे करायचा.

"ह्या खोक्यातून माझ्या पोराचं रक्त नेणार?" आईने विचारलं. पेटी थर्मोकोलची होती, कडा फुटलेल्या, चिकटपट्टीने बांधलेली.

"हो. बर्फ आहे आत."

"उन्हात वितळला तर?"

"मी भरभर चालते."

ती बाई खुदकन हसली, आणि हसल्याबरोबर तिचे डोळे भरले. घरी शिवणकाम करते, म्हणाली. आठवड्याने पुन्हा तपासणीला आली तेव्हा तिने पेटीसाठी कापडी गवसणी आणली होती. उरलेल्या तुकड्यांची, आत जाड कापूस घालून शिवलेली, वर पट्ट्याचा बंद. "आता हळू चाललात तरी चालेल," ती म्हणाली. मग मुलाला खिडकीशी पाठवून तिने आवाज खाली केला.

"मॅडम, एक विचारू? मी कुठे चुकले का? ताप संध्याकाळी आला, मी म्हटलं सकाळी नेऊ. सासूबाई म्हणतात, तुझ्या आळसानं पोराचा कान गेला. हे काही बोलत नाहीत. पण बोलत नाहीत म्हणजे तेच की."

"त्याच्या रक्तातच काही कमी असेल तर कळेल. मग तुमचा काय दोष?"

"कळलं तर सांगाल?"

"सांगेन."

"फोनवर नको. फोनवर सगळे मेले सगळं ठीक आहे म्हणतात. तुम्ही घरी या. सासूबाईंसमोर सांगा."

"येईन," ती म्हणाली होती. रोज नेम पाळणाऱ्या माणसाला एखादा शब्द दिला की तो सुटत नाही.

सतराचा आकडा आला साठ. चाळीसच्या वर. दवाखान्याने कळवलं, प्रथिन पुरेसं आहे. सांगण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून ती गेली नाही. गवसणी मात्र रोज वापरात राहिली, आणि सकाळी सतरा नंबर सुखरूप असो म्हणताना तिचा सूर कणभर रेंगाळे.

थोरल्या बाईंनी शेवटचा अर्ज अंथरुणावर पडून सांगितला आणि हिने लिहून घेतला. इतक्या वर्षांच्या सगळ्या आकड्यांच्या जोरावर मोठं काम मागितलं होतं. मंजुरी आली ती बाई गेल्यानंतर. पहिल्यांदाच हाताशी बरा पैसा आला. जिराफाचा पगार तीन वर्षांसाठी पक्का झाला. त्याला नुकतीच मुलगी झाली होती, तो पेढे वाटावेत तसा सगळ्यांना मंजुरीची बातमी वाटत फिरला. आणि पहिली खरेदी कसली करायची, यावर दोघांचं लगेच एकमत झालं. खरं माप आणायचं.

पार्सल आलं ते एका सकाळी. कोरड्या बर्फाच्या वाफेत ठेवलेली एवढीशी बाटली.

"शंभरताई, आजपासून तुम्ही सेवानिवृत्त," जिराफ म्हणाला. "निरोप समारंभ करू का? भाषण मी करतो. 'आपल्या रक्ताचं पाणी करून', अशी सुरुवात करतो."

"आधी प्लेट लाव."

प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी पारदर्शक पट्टी, तिच्यात ओळीने बारीक खळगे. प्रथिन जितकं जास्त, तितका खळगा गडद पिवळा होतो. वरच्या ओळींत नवं माप घातलं, खाली रोजचे नमुने, आणि शेवटच्या दोन खळग्यांत तिने सवयीने आपलं जुनं शंभर घातलं. दोघं चहा पिऊन आले. प्लेट पिवळी झाली होती. शेवटचे दोन खळगे मात्र फिके होते, कुणी त्यांत पाणी मिसळल्यासारखे.

यंत्राने आकडा दिला, सेहेचाळीस.

"पिपेटने दगा दिला," जिराफ म्हणाला.

पुन्हा लावली. सत्तेचाळीस.

"तुमची नळी जुनी झालीय. इतकी वर्षं फ्रीजरमध्ये बसून माणूससुद्धा अर्धा होईल. ताजं काढू." त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधला. नळी भरली, आणि दोघांच्याही तोंडून काही निघायच्या आत तिने ती बर्फात रोवली.

ताज्या रक्ताचेही सत्तेचाळीसच आले.

"शंभरताई," तो म्हणाला आणि थांबला. त्याचाच शब्द त्याला टोचला असावा.

ती खुर्ची ओढून बसली आणि जुने आकडे नव्या मापाने मांडायला लागली. ज्यांच्यात प्रथिन मुळीच नव्हतं, त्यांचं शून्य शून्यच राहिलं. दीडशेवाले सर्दीवाले नव्हते, चारचौघांसारखे धडधाकट होते. आणि मधली माणसं, ज्यांना तुम्ही ठीक आहात म्हणून घरी पाठवलं होतं, ती एकामागून एक खाली उतरली. सतरा नंबर साठावर होता. तो अठ्ठावीसवर आला.

त्याला लस द्यायला हवी होती. घरात औषध तयार असायला हवं होतं, ताप आला की सकाळची वाट न बघता तासाभरात दवाखाना गाठायला हवा होता. यातलं काहीच कुणी त्याच्या आईला सांगितलं नव्हतं, कारण तो ठीक होता. तिच्या मानाने ठीक होता.

"पुढच्या महिन्यात निधीची समिती येतेय," जिराफ खिडकीकडे बघत म्हणाला. "ज्या आकड्यांवर पैसा दिला, ते आकडेच गेले म्हटल्यावर ते काय करतील?"

"मला नाही माहीत."

"मी खोटं बोला म्हणत नाही. माझी मुलगी दोन महिन्यांची आहे, एवढंच म्हणतो."

"कळतं मला."

"कळतं, पण तुमच्या घरी कुणी नाही ना," तो म्हणाला, आणि लगेच त्याचे कान लाल झाले.  फ्रीजर घुमत होतं.

संचालक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसवलं, पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मी लपवा म्हणत नाही. थांबा म्हणतो. दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून घेऊ. तोवर समिती येऊन जाईल, मग रीतसर कळवू."

"पडताळून घ्यायलाच हवं. पण तोवर सतराला ताप आला तर?"

"सतरा कोण?"

"मुलगा आहे. एका कानाने ऐकतो."

संचालकाने पेन उघडलं आणि मिटलं. "दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगा. ते फोन करतील त्या लोकांना."

"डॉक्टरांना आत्ताच कळवते. पण मी घरी येईन म्हटलं होतं."

"असं आपण प्रत्येकाच्या घरी जायला लागलो तर संस्था कोण चालवणार?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "बघा तुम्ही. तुम्हाला अडवणारा मी कोण. पण उद्या दिवे बंद झाले तर माझ्याकडे बघू नका."

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. कुलूप काढलं, पण दिवा लावावासा वाटेना. आपल्यात अर्धं आहे. ते आलं कुठून? अर्धं असलेला माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो, हे ती व्याख्यानांत किती वेळा बोलली होती. पण असे दोघं नवराबायको झाले, तर त्यांच्या एखाद्या लेकराच्या वाट्याला अजिबातच येत नाही. हेही ती बोलली होती. बोलताना लहानपणीच तापाने गेलेला आपला भाऊ कधी मनात आला नव्हता.

तिने बहिणीला फोन लावला.

"अक्का, दादाला ताप आला, त्या दिवशी काय झालं होतं गं?"

"अगं, आज हे काय मधेच? बरी आहेस ना?"

"बरी आहे. सांग ना. मी लहान होते."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "काय सांगू? थंडी होती आणि आईने त्याला न्हाऊ घातलं. केस ओले राहिले. संध्याकाळी फणफणला, अंगावर जांभळे डाग आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सतरा वेळा ऐकलंयस तू आईच्या तोंडून. मी न्हाऊ घातलं नि माझं बाळ गेलं. जाताना सुद्धा तेच बडबडत होती."

"अक्का, न्हाण्याने नाही गेला तो."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं, आणि हेही सांगितलं की दादाचं रक्त काही आपल्याकडे नाही, त्यामुळे छातीठोक म्हणता येत नाही. पण डाग म्हणतेस, दोन दिवसही नाहीत म्हणतेस, आणि माझं हे अर्धं. बहुतेक तेच. आईने न्हाऊ घातलं नसतं तरी तो गेला असता.

पलीकडे अक्काने खुर्ची ओढून घेतली.

"हे आईला सांगायला हवं होतंस," अक्का म्हणाली.

"मला आज कळलं, अक्का."

"हं." मग नाक ओढल्याचा आवाज. "माझंही रक्त बघ मग. पोरांचंही. कधी येऊ?"

"ये ना. कधीही ये."

"जेवलीस का?"

"जेवते."

"जेवते म्हणजे नाही. ऊठ, काहीतरी खा. आणि दिवा लाव, अंधारात बसली असशील."

तिने दिवा लावला. भिंतीवर आईचा फोटो होता, शेजारी दादाचा, लहानसा, कडा पिवळ्या पडलेला. ती फोटोसमोर उभी राहिली. जे सांगायचं ते सगळं सांगून झालं, पण फोटोतल्या आईच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. आईने ते एकच दुःख धरून आयुष्य काढलं, आणि त्याचा उलगडा लेकीच्याच दंडातल्या शिरेतून वाहत होता. आई रोज तिचे केस विंचरत होती तेव्हासुद्धा. आता सांगायला तोंड होतं, ऐकायला कान उरले नव्हते.

एक आई मात्र होती. अजून ऐकू शकणारी. ती सासूसमोर मान खाली घालून मशीन चालवत असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती प्रयोगशाळेत आली. आधी निधीच्या कार्यालयाला ईमेल लिहिली. फार शब्द लागले नाहीत. आमचं शंभर हे शंभर नव्हतं. ते एका माणसाचं रक्त होतं, आणि तो माणूस मीच. तुम्ही दिलेल्या पैशातून खरं माप आणलं म्हणून हे कळलं. जुने आकडे आम्ही मागे घेत आहोत, नव्याने मोजायला लागलो आहोत, आणि ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांच्यापर्यंत पोचायला निघालो आहोत. पुढचा पैसा द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. लिहून झाल्यावर तिने एकदा डोळे मिटले आणि ती पाठवून दिली. संचालकांना तिची प्रत. डॉक्टरांना कालच फोन करून सतराच्या घरचा पत्ता घेतला होता.

मग ती फ्रीजरसमोर उभी राहिली. चार नंबर सुखरूप असो. नऊ नंबर सुखरूप असो. सतराशी आली तेव्हा थोडी थांबली. सगळे झाले, तरी हात जोडलेलेच राहिले. खालच्या खणात १०० लिहिलेल्या नळ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी तिने कधी काही मागितलं नव्हतं. जे माप आहे त्याच्यासाठी काय मागायचं? आज तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय म्हणावं ते न सुचून हळूच म्हणाली, ही पण सुखरूप असो.

मागे पाऊल वाजलं. जिराफ दारात उभा होता, हातात कालच्या प्लेटचा कागद.

"तुम्ही गेल्यावर मी पुन्हा लावली," तो म्हणाला. "वाटलं, एकदा तरी वेगळं येईल. तेच आलं." त्याने कागद टेबलावर पालथा ठेवला. "पाठवलीत ईमेल?"

"पाठवली."

"हं." तो खुर्चीत बसला. लांब पाय कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. "निधी गेला तर काय करायचं?"

"पुन्हा मागू."

"तुम्ही पुन्हा मागाल. मी तोवर दुसरीकडे बघेन. राग मानू नका."

"राग कसला? तुला घर आहे."

त्याने मान हलवली. तो उठला, आणि दोन हप्त्यांत वाकून त्याने यंत्रातून बर्फ काढायला सुरुवात केली. "नव्याने मोजायचं तर ताजं रक्त लागेल," तो म्हणाला. "पेटी आणा इकडे."

पेटी भरली. त्यात रिकाम्या नळ्या, कापूस, सुया. तिने गवसणी चढवली, बंद ओढून गाठ मारली. कापसाचा जाडपणा तळहाताला लागला. कुणीतरी रात्री जागून एकेक टाका घातला होता.

"आधी बर्फ, मग बोलणं," जिराफ म्हणाला. तोही त्याच शाळेतला.

ती दारात थांबली. आज त्या घरी आधी बोलावं लागणार होतं. सासूबाईंना बाहेर बोलवायचं, मुलाच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायचं, आणि त्याच्या आईकडे बघून सांगायचं, तुम्ही चुकला नव्हता. चूक आमच्या मापात होती. मगच बाही वर करायला सांगायची. थोरल्या बाई रागावल्या असत्या का? कदाचित चष्मा कपाळावर ढकलून नुसत्या बघत राहिल्या असत्या.

तिने पेटीचा बंद खांद्याला लावला, सकाळपासून राहिलेला पाण्याचा घोट घेतला, आणि लांबलचक रिकाम्या वाटेवरून बाहेरच्या फाटकाकडे चालू लागली. नेहमीसारखी भरभर नाही. बर्फ टिकणार होता.